तुमचे प्रश्न: पुण्याची लोकसभा, पेठांपासून खराडीपर्यंत

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देता देता मी सहज लिहून गेलो की पुण्याची लोकसभेची सीट कधीच कुणाच्या खिशात नव्हती. झालं, पत्रं आणि मेल सुरू. कोणी आजोबांचा दाखला दिला, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तक्ता पाठवला, त्यात तर दोन खासदारच गायब होते. त्यामुळे हा महिना सगळा पुणे लोकसभेलाच. सांडपाण्याच्या पाइपबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी ही विनंती.

माझे वडील म्हणायचे पुणं काँग्रेसचं. माझा मुलगा म्हणतो पुणं पहिल्यापासून भाजपचं. तुम्ही म्हणता कुणाचंच नाही. आमच्या घरात जेवताना भांडणं होतात, एकदा काय ते सांगून टाका.
— एक वाचक, नारायण पेठ

तुमचे वडील निम्मे बरोबर, तुमचा मुलगा पाव बरोबर. आता हिशोबच मांडतो म्हणजे जेवण शांततेत होईल.

१९५२ ला काकासाहेब गाडगीळ, काँग्रेस. १९५७ ला ना. ग. गोरे, प्रजासमाजवादी. १९६२ ला शंकरराव मोरे, काँग्रेस, आणि हे मोरे म्हणजे मूळचे शेतकरी कामगार पक्षवाले, ५२ ला ते सोलापुरातून शेकापचे खासदार होते. १९६७ ला एस. एम. जोशी, संयुक्त समाजवादी. १९७१ ला मोहन धारिया काँग्रेसकडून आणि १९७७ ला तेच धारिया जनता पक्षाकडून. मग ८०, ८४, ८९ असे सलग तीनदा विठ्ठलराव गाडगीळ, म्हणजे काकासाहेबांचेच चिरंजीव. ९१ ला अण्णा जोशी, इथे पहिल्यांदा भाजप. ९६ ला सुरेश कलमाडी काँग्रेस, ९८ ला विठ्ठल तुपे काँग्रेस, ९९ ला प्रदीप रावत भाजप, २००४ आणि २००९ परत कलमाडी, आणि २०१४ पासून अनिल शिरोळे, गिरीश बापट, मुरलीधर मोहोळ, तिन्ही भाजप. संपलं.

म्हणजे १८ निवडणुका, त्यात काँग्रेस १०, भाजप ५, समाजवादी २ आणि जनता १. मुलाला सांगा, १९९१ च्या आधी पुण्याच्या खासदारांच्या यादीत भाजपचं नावच नाही. आणि वडील हयात असते तर त्यांनाही विचारलं असतं की काका, ५७ आणि ६७ विसरलात का.

पण मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या तक्त्यात दिसत नाही. शेजारी दिल्लीत सरकार कुणाचं आलं तो कॉलम टाकून बघा. ५७ ला दिल्लीत नेहरू, पुण्यातून विरोधक. ६७ ला दिल्लीत इंदिराबाई, पुण्यातून एसेम. ८९ ला दिल्लीत व्ही. पी. सिंग, पुणं काँग्रेसला चिकटलेलं. ९१ ला तर कहर, त्या वेळी महाराष्ट्रात काँग्रेसनं ४८ पैकी ३८ जागा मारल्या, दिल्लीतही काँग्रेस, आणि पुण्यानं नेमका तेव्हा गाडगीळांना घरी बसवून भाजपला निवडून दिलं. ९६ ला दिल्लीतून काँग्रेस गेली तर पुण्यात काँग्रेस आली. ९८ ला वाजपेयींचं सरकार आलं तर पुण्यातून काँग्रेसचे तुपे. पहिल्या १२ निवडणुकांत ६ वेळा पुणेकर दिल्लीच्या उलट गेलेत. आणि ९९ पासूनच्या ६ निवडणुकांत? एकदाही नाही. ज्याचं सरकार त्याचाच खासदार, दर वेळी.

म्हणून मी म्हणतो की पुणं बदललं ते २०१४ ला नाही, ९९ ला. तिरकेपणा तिथे संपला. का संपला यावर माझं एक मत आहे, ते पुढच्या उत्तरात येईलच.

मी वारज्यात राहते, आधार कार्डवर पुणे, पाणी महापालिकेचं, टॅक्स महापालिकेला, आणि २०२४ ला मतदान केलं तर यंत्रावर सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार! पुण्याचे उमेदवार मोहोळ-धंगेकर शोधत बसले मी. ऑफिसमधली मैत्रीण मगरपट्ट्यात राहते तिच्याकडे अमोल कोल्हे. आम्ही पुणेकर नाही का?
— एक वाचक, वारजे

ताई, तुम्ही पुणेकरच, पण लोकसभेच्या कागदावर तुम्ही बारामतीकर आणि तुमची मैत्रीण शिरूरकर. आणि पिंपरी, चिंचवडवाले मावळकर, म्हणजे पनवेल-उरण-कर्जतवाल्यांबरोबर एका खासदारात. हसू नका, खरंच आहे.

हे झालं २००८ च्या पुनर्रचनेत. त्या आधी पुणे लोकसभेत शिवाजीनगर, कसबा, पर्वती, भवानी पेठ, कॅन्टोन्मेंट आणि बोपोडी असे सहा विधानसभा मतदारसंघ होते. आता आहेत कसबा, शिवाजीनगर, पर्वती, कोथरूड, कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी. हडपसर गेला शिरूरमध्ये, आणि तुमचं वारजे, धायरी, सिंहगड रोडचा मोठा भाग हा खडकवासला मतदारसंघात येतो, तो बारामतीला जोडला. कारण साधं आहे, लोकसंख्या सारखी वाटायची म्हटलं की कुठेतरी सुरी फिरवावीच लागते, आणि शहराची हद्द आणि मतदारसंघाची हद्द एकच ठेवा असा काही नियम नाही.

आता इथेच मला जरा मागे जावं लागतं, कारण नकाशा २००८ ला कागदावर बदलला पण माणसं फार आधी हलायला लागली होती. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आमचं घर शनिवारात होतं, दुमजली वाडा, पाणी वरच्या माडीच्या पायरीपर्यंत आलं होतं असं आई सांगायची, आणि नंतर भिंतच बसली. मग लोकांना निसेन हटमध्ये, म्हणजे पत्र्याच्या अर्धगोल घरांत, हलवलं, पुढे गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या, ज्यांच्याकडे चार पैसे होते त्यांनी एरंडवण्यात, कोथरुडात प्लॉट घेतले जिथे तेव्हा संध्याकाळी सातनंतर रिक्षावाला यायला तयार नसायचा. एका पुरात सगळी पेठ उठून गेली असं नाही, पण जायला सुरुवात तिथून झाली. त्यानंतर वाडे पडले, मुलं मोठी झाली, पेठेतलं मत कोथरुडात गेलं. आणि दुसऱ्या बाजूनं विमाननगर, खराडी, नगर रोड, आयटीवाले, सगळ्या देशातून आलेली माणसं.

जुन्या पुण्यात उमेदवार म्हणजे ओळखीचा माणूस. शनिवारवाड्यावर सभा, घरी येऊन खुर्चीत बसून चहा, वाद, मग मत. आता मतदारसंघात २० लाखांच्या वर मतदार आहेत, त्यातल्या किती जणांनी उमेदवाराला समोरासमोर पाहिलंय? लोक मग दिल्लीकडे बघून मत देतात. तिरकेपणाला ओळख लागते हो, अनोळखी माणसाशी कोण तिरकं वागतं. हे माझं मत आहे, पटलं नाही तर पत्र लिहा, लिहाच.

काकासाहेब गाडगीळ एवढे मोठे, नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते, मग १९५७ ला हरले कसे? आमच्या सोसायटीत एक आजोबा म्हणतात की ते महाराष्ट्राच्या विरोधात होते म्हणून हरले.
— एक वाचक, सहकारनगर

आजोबांना सांगा की हे जरा अन्यायाचं होतंय. काकासाहेब महाराष्ट्राच्या विरोधात नव्हते, ते ज्या पक्षात होते तो पक्ष त्या वेळी पुणेकरांना महाराष्ट्राच्या विरोधात दिसत होता. फरक आहे, मतपेटीला तो कळत नाही.

काकासाहेब म्हणजे स्वातंत्र्य चळवळीतले, जेलमध्ये गेलेले, स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री, बांधकाम, खाणी आणि वीज त्यांच्याकडे. ५२ ला पुणे शहराच्या सीटचं नाव होतं पुणे सेंट्रल, तिथून ते आरामात गेले. मग आला द्विभाषिकाचा घोळ. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, गुजरात-महाराष्ट्र एकत्रच ठेवायचे, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आलंसुद्धा, आणि त्या आधी मुंबईत गोळीबारात माणसं गेलेली. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस कोण, तर एस. एम. जोशी, पुण्याचे. आणि समितीत कोण कोण होतं बघा, समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, आणि हो, जनसंघसुद्धा. जे लोक एरवी एकमेकांच्या दारातून जाणार नाहीत ते एका व्यासपीठावर. काँग्रेसच्या विरोधातली सगळी मतं एका गाठोड्यात बांधली गेली, असं पुण्यात परत एकदाच झालं, ७७ ला.

आणि उमेदवार कोण उभा केला समितीनं? नानासाहेब गोरे. आता ह्या माणसाची त्या दोन वर्षांची गोष्टच अशी आहे की दुसरा कोणी उमेदवार समोर टिकला नसता. १८ मे १९५५ ला सेनापती बापट आणि गोरे सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी मारलं, पकडलं, दहा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि आग्वादच्या किल्ल्यात टाकलं. १९५७ च्या फेब्रुवारीत सुटका झाली. आणि लगेच निवडणूक! म्हणजे माणूस पोर्तुगीजांच्या तुरुंगातून सुटतो आणि थेट प्रचारात. गोवेकर वाचकांनी हे लक्षात ठेवावं, तुमच्या मुक्तीची लढाई आमच्याकडे मतपेटीत गेली होती.

काकासाहेब हरले पण संपले नाहीत, पुढे पंजाबचे राज्यपाल झाले, मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. आणि गोरे नंतर पुण्याचे महापौर झाले, जनता राजवटीत लंडनला हायकमिशनर. आजकाल एखादा खासदार हरला की महिनाभरात दुसऱ्या पक्षाचा शेला घालून दिसतो, म्हणून आपलं सांगितलं.

आणखी एक, जे कोणी विचारत नाही. १९६० ला महाराष्ट्र झाला. मागणी मिळाली की आंदोलनाची मूठ सुटते. समाजवादी समितीतून बाहेर पडले, विरोधक परत आपापल्या घरी, आणि ६२ ला पुण्यात काँग्रेसचे मोरे आले. पानशेत फुटून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एवढा पूर आला, लोक सरकारवर चिडलेले, तरी सरकारी पक्षच निवडून आला. नुसत्या रागानं सीट पडत नाही, तो राग एका जागी गोळा करणारा कोणीतरी लागतो. ५७ ला ते काम समितीनं केलं होतं, ६२ ला कोणीच नव्हतं.

मोहन धारिया काँग्रेसचे की जनता पक्षाचे? क्विझमध्ये मार्क गेला माझा.
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

दोन्ही, त्यामुळे क्विझवाल्यांनी प्रश्न नीट विचारायला हवा होता. ७१ ला इंदिरा काँग्रेसकडून निवडून आले, केंद्रात राज्यमंत्री झाले. ७५ च्या मार्चमध्ये जयप्रकाशजींशी बोला, चर्चा करा असं जाहीर म्हणाले, बाईंनी मंत्रिमंडळातून काढलं. जूनमध्ये आणीबाणी आली, धारिया तुरुंगात. ७७ ला सुटून पुण्यातूनच उभे राहिले, या वेळी काँग्रेसच्या विरोधात, नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर, आणि जिंकून मोरारजींच्या सरकारात वाणिज्यमंत्री. एकाच माणसाला पुण्यानं लागोपाठ दोनदा निवडून दिलं, एकदा इंदिराबाईंसाठी आणि एकदा त्यांच्याविरुद्ध. नंतर ‘वनराई’ काढली, झाडं लावत फिरले, आताची पिढी त्यांना तेवढंच ओळखते.

आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं की कलमाडींना एकदा भाजपनं पाठिंबा दिला होता. मी म्हटलं कायपण. अ‍ॅडमिननं मलाच रिमूव्ह केलं. खरं काय?
— एक वाचक, बिबवेवाडी

अ‍ॅडमिनची माफी मागा, खरं आहे ते.

९६ ला कलमाडी काँग्रेसकडून जिंकले, समोर भाजपचे गिरीश बापट होते. हे लक्षात ठेवा, कारण बापटांना ही सीट मिळायला पुढे २३ वर्षं थांबावं लागलं. कलमाडी म्हणजे मूळचे हवाई दलातले पायलट, डेक्कनवरच्या पूना कॉफी हाऊसवाले, पुणे फेस्टिव्हल, मॅरेथॉन, नरसिंह रावांच्या काळात रेल्वे राज्यमंत्री. मग काँग्रेसमध्ये बिनसलं, आणि ९८ ला ते अपक्ष उभे राहिले आणि शिवसेना-भाजपनं स्वतःचा उमेदवार न देता त्यांना पाठिंबा दिला. दीड-दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध घरोघरी फिरले त्यांच्यासाठीच परत घरोघरी फिरा म्हटल्यावर कार्यकर्त्यांचं काय झालं असेल? मी त्या वेळी पर्वतीजवळ राहायचो, आमच्या समोरचे एक काका, हयातभर कमळवाले, त्या दिवशी सकाळी आळंदीला निघून गेले आणि रात्री आले. विचारलं तर म्हणाले दर्शनाला गर्दी होती.

काँग्रेसनं हडपसरचे विठ्ठल तुपे दिले आणि तुपे जिंकले. पुण्याबाहेरच्या लोकांना याचा आजही धक्का बसतो, देशात वाजपेयींची हवा असताना.

पण वर्षभरात सरकार पडलं, ९९ ला परत निवडणूक, आणि तोवर पवारांनी राष्ट्रवादी काढलेली. दोन्ही काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या, काँग्रेसकडून मोहन जोशी होते, मतं फुटली, आणि भाजपचे प्रदीप रावत आले. २००४ ला दोन्ही काँग्रेस एकत्र, कलमाडी परत पक्षात, रावत पडले. बघा, ५७ पासून तोच खेळ, ज्याची मतं एका पेटीत तो आला, ज्याची दोन पेट्यांत तो गेला.

२००९ ला तर हे इतकं उघड झालं की शाळेत शिकवावं. कलमाडींच्या विरोधात पुण्यात वातावरण होतं, एवढं की २००७ मध्ये महापालिकेत राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र आले होते, ‘पुणे पॅटर्न’ म्हणतात तो हाच, हेतू एकच, कलमाडींना बाहेर ठेवणं. तरी लोकसभेला कलमाडी जिंकले, भाजपच्या अनिल शिरोळेंपेक्षा साधारण २५ हजारांनी पुढे. मनसेच्या रणजित शिरोळेंनी ७५ हजारांवर मतं घेतली आणि बसपाकडून बिल्डर डी. एस. कुलकर्णी उभे होते त्यांनी ६० हजारांच्या वर. आता तुम्हीच बेरीज करा.

पुढचं सगळ्यांना माहितीय, २०११ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या प्रकरणात सीबीआयनं अटक केली, पक्षानं निलंबित केलं. ते कमी लोकांना माहितीय की २०२५ मध्ये ईडीनं दिलेला क्लोजर रिपोर्ट दिल्लीच्या कोर्टानं स्वीकारला. दोन्ही गोष्टी सांगितल्या, ग्रुपवर टाकताना दोन्ही टाका.

पुण्यातून बाई कधी खासदार झाली का हो?
— एक वाचक, धनकवडी

एकदा. १९५२ ला. तेव्हा पुणे सेंट्रलच्या जोडीला पुणे साउथ अशी एक सीट होती, तिथून इंदिरा मायदेव, काँग्रेस. त्यानंतर ७० वर्षं झाली, एकही नाही. ज्या गावात सावित्रीबाईंनी शाळा काढली त्या गावाचा हा हिशोब आहे.

बापटसाहेब गेल्यावर पोटनिवडणूक का झाली नाही? आम्ही वर्षभर बिनखासदाराचे होतो. कायद्यात तर सहा महिने लिहिलंय असं माझा वकील भाचा म्हणतो.
— एक निवृत्त वाचक, शिवाजीनगर

भाचा बरोबर आहे, त्याची फी द्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-क म्हणतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या, सूट दोनच, उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा आयोगानं केंद्र सरकारशी बोलून तेवढ्या वेळात निवडणूक घेणं अवघड आहे असं प्रमाणित केलं तर. बापट गेले २९ मार्च २०२३ ला, लोकसभेची मुदत होती जून २०२४ पर्यंत. म्हणजे वर्षाच्या वरच. आयोग म्हणाला आम्ही २०२४ च्या तयारीत आहोत, आणि निवडून येणाऱ्याला मिळणार किती महिने.

एका पुणेकरानं हायकोर्टात दावा लावला. पुणेकरच तो, दुसरं कोण लावणार. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं आयोगाला चांगलंच सुनावलं आणि ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून सांगितलं. जानेवारीत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. तोवर सार्वत्रिक निवडणूकच दारात आली होती. तर उत्तर असं की कायद्यानं व्हायला हवी होती, झाली नाही, आणि आपण वर्षभर संसदेत मुके राहिलो. राजकीय भीती होती का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. कसब्याचा निकाल नुकता लागलेला होता एवढंच म्हणतो.

हेच विचारायचं होतं. धंगेकर कसब्यात जिंकले तर वर्षभरात लोकसभेला का हरले? तेच मतदार ना?
— एक वाचक, रविवार पेठ

नाही ना, तेच तर. कसबा हा सहातला एक. तिथल्या भाजपच्या आमदार मुक्ता टिळक गेल्या, २०२३ च्या फेब्रुवारीत पोटनिवडणूक लागली, टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून पेठांत नाराजी, बापट स्वतः आजारी, नाकात नळी, व्हीलचेअरवर प्रचाराला आले होते, ते बघून विरोधकांच्याही पोटात कालवलं. आणि भाजपचे चंद्रकांतदादा पाटील म्हणाले ‘हू इज धंगेकर’. अहो, कसब्यात असं विचारतात का? धंगेकर तिथले, २००९ ला मनसेकडून बापटांना जेरीस आणलेला माणूस, रोज रस्त्यावर दिसणारा. काँग्रेसकडून दहा हजारांच्या वर मतांनी जिंकले. २८ वर्षांचा भाजपचा कसबा गेला.

हा तुमचा जुना पुणेरी तिरकेपणा, शाबूत होता, पण एका विधानसभेपुरता. लोकसभेला त्याला कोथरूड भेटलं. एकट्या कोथरुडानं मोहोळांना ७० हजारांच्या वर लीड दिलं. धंगेकर कॅन्टोन्मेंटमध्ये पुढे होते, पण खुद्द कसब्यातही मोहोळच पुढे! एकूण फरक १ लाख २३ हजार. २०१४ ला शिरोळे ३ लाख १५ हजारांनी आणि २०१९ ला बापट ३ लाख २४ हजारांनी आले होते, त्या मानानं काँग्रेसनं बरंच भरून काढलं हे मान्य करायला हवं, पण सीट ती सीट. त्यानंतर नोव्हेंबरात कसबा परत भाजपकडे, हेमंत रासने, आणि धंगेकर आता शिंद्यांच्या शिवसेनेत. म्हणजे ‘हू इज धंगेकर’ला दर दोन वर्षांनी वेगळं उत्तर आहे.

मोहोळ केंद्रात राज्यमंत्री झाले. पुण्याच्या लोकसभा खासदाराला केंद्रात मंत्रिपद, हे विठ्ठलराव गाडगीळांनंतर पहिल्यांदा.

पुण्यात मतदान एवढं कमी का होतं?
— एक वाचक, औंध

२०१९ ला ५० टक्क्यांच्याही खाली, २०२४ ला ५३ च्या आसपास. २०१४ ला याद्यांतून हजारो नावं गायब झाली होती, ते एक. बाकी उन्हाळा, सुट्टी, लोणावळा. जास्त लिहीत नाही, उगाच बीपी वाढतो.

आमची आजी नव्वदीच्या पुढे आहे. ती सांगते की मी पहिलं मत झोपडीला दिलं, शुक्रवार पेठेत. कुठली झोपडी? आई म्हणते तिला आता काही आठवत नाही.
— एक वाचक, कोथरूड

आईला सांगा, आजीला सगळं आठवतंय. झोपडी हे प्रजासमाजवादी पक्षाचं चिन्ह. काँग्रेसची तेव्हा बैलजोडी होती. आजी नव्वदीच्या पुढे म्हणजे ५७ ला एकवीस पूर्ण असणार, तेव्हा मताला एकवीसच लागायची. म्हणजे बहुतेक नानासाहेब गोरे.

खात्री करायची असेल तर एक युक्ती सांगतो. आजीला विचारा, आजी, शिक्का मारला होतास का? ५२ आणि ५७ ला शिक्का नव्हताच. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्हाचा कागद चिकटवलेला, आणि आपल्याला मिळालेली कोरी चिठ्ठी आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. नावांच्या कागदावर शिक्का मारणं पुण्यात त्यानंतर आलं. ती ‘शिक्का मारला’ म्हणाली तर ६२ किंवा पुढचं. ‘पेटीत टाकली’ म्हणाली तर ५७, नक्की. आणि काय म्हणाली ते मला कळवा.